रुबीची बेरीज जावाच्या घरात

रुबी या स्क्रिप्टिंग भाषेत ‘अ + ब’ लिहिलं, की ती बेरीजच असेल असं नाही. ‘अ’ आकडा असेल तर बेरीज, मजकूर असेल तर जोडाजोड. कुणी चालू प्रोग्रॅममध्ये ‘+’चा अर्थच बदलून ठेवला, तर तेही रुबीला मान्य. जावा या भाषेचा खाक्या वेगळा. कशात काय असणार, हे तिला बहुतेक वेळा आधीच कळावं लागतं.

तरीही रुबी जावाच्या आभासी यंत्रावर, म्हणजे जेव्हीएमवर चालते. ‘जेरुबी’ २००१ पासून हे करतंय. पायथन तर १९९७ मध्येच तिथे पोचली होती.

जेव्हीएम हा सॉफ्टवेअरनेच उभा केलेला संगणक. त्याला फक्त बाइटकोड, म्हणजे त्याच्यासाठी ठरवलेल्या सूचनांची भाषा, कळतो. तो कुठल्या भाषेतून आला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तिथे बिऱ्हाड केलं की बरंच काही आयतं मिळतं: मेमरीची साफसफाई, वारंवार चालणारा कोड थेट प्रोसेसरच्या भाषेत उतरवणारा जेआयटी कंपायलर, खरोखर एकाच वेळी धावणारे थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधले कामाचे धागे.

घोडं अडतं बारीकसारीक जागी. जेव्हीएमच्या ६४ बिटी पूर्णांकाची मजल ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पर्यंत. त्यात १ मिळवा, जावा निमूटपणे उणे ९२२३३७२०३६८५४७७५८०८ हातात ठेवते. रुबीवाल्याला फक्त शेवटच्या ७ चा ८ झालेला हवा असतो. म्हणून मर्यादा ओलांडली का, हे जेरुबी तपासते आणि ओलांडली असेल तर आकडा मोठ्या संख्यांच्या वेगळ्या प्रकारात टाकते.

खरी गोची मेथड, म्हणजे नाव घेऊन चालवायचा कोडचा तुकडा, बोलावण्यात होती. रुबीत ‘+’ हीसुद्धा मेथडच. बाइटकोडमध्ये प्रत्येक सूचनेला क्रमांक असतो. १८२ ते १८५ या मेथड बोलावण्याच्या सूचना, सगळ्या जावाच्या नियमांनी बांधलेल्या. १८७ नवी वस्तू तयार करते. मधला १८६ वर्षानुवर्षं रिकामा पडून होता. २०११ मध्ये जावा ७ आली आणि तिथे ‘इन्व्होकडायनॅमिक’ बसली. हिचं काम नव्या पोस्टमनसारखं. पहिल्यांदा तो नाक्यावर पत्ता विचारतो, पुढच्या वेळी थेट दारात. इथे नाका म्हणजे त्या भाषेनेच लिहून दिलेला कोड: या ‘+’साठी कुठली मेथड, ते तो एकदा सांगतो. बिऱ्हाड बदललं, म्हणजे ‘+’चा अर्थ बदलला, तर पुन्हा चौकशी. एरवी वाट ठरलेली असल्याने जेआयटीलाही तिथे हात मारता येतो.

फुकट काहीच नाही म्हणा. जेव्हीएम जागं व्हायला वेळ घेतं. दोन ओळींच्या स्क्रिप्टसाठी मी तरी जेरुबी उघडणार नाही. दिवसेंदिवस चालणाऱ्या सर्व्हरला तो वेळ जाणवतही नाही. सी भाषेत लिहिलेल्या रुबीच्या जोडण्या मात्र इथे चालत नाहीत, त्यांना जावातला पर्याय शोधावा लागतो.

गंमत पुढेच आहे. १८६ क्रमांक भरला तो पाहुण्या भाषांच्या सोयीसाठी. २०१४ मध्ये जावा ८ ने आपले लॅम्डा, म्हणजे बिननावाची छोटी फंक्शनं, त्याच सूचनेवर उभे केले. आणि २०१७ च्या जावा ९ पासून जावात दोन मजकूर जोडणारा ‘+’देखील १८६ मधूनच जातो.