मुख्य थ्रेड संपल्यावर मागे राहिलेल्या थ्रेडचं काय होतं?

प्रोग्रामची शेवटची ओळ चालून झाली तरी पायथॉनचा इंटरप्रिटर, म्हणजे कोड चालवणारा प्रोग्राम, लगेच थांबत नाही. त्याला आवराआवर करायची असते. प्रोग्रामने मागे काही बॅकग्राउंड थ्रेड सुरू ठेवले असतील, तर नेमकी या आवराआवरीत गडबड होते. प्रोग्राम संपतच नाही, लॉग फाइलमधली शेवटची ओळ अर्धवट राहते किंवा बाहेर पडता पडता क्रॅश होतो. ही तिन्ही लक्षणं वेगवेगळी दिसतात, पण बंद होण्याच्या पायऱ्यांचा क्रम माहीत असला की तिन्हींचा उलगडा होतो.

थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणारं काम. मुख्य थ्रेड वापरकर्त्याशी बोलत असताना दुसरा थ्रेड मागे दर मिनिटाला नोंदी डिस्कवर लिहीत असतो. पायथॉनमध्ये असे थ्रेड दोन प्रकारचे असतात: साधे आणि डीमन (ज्यांच्यासाठी बंद होताना थांबलं जात नाही). थ्रेड तयार करताना काही सांगितलं नाही, तर तो ज्या थ्रेडने त्याला जन्म दिला त्याचा प्रकार घेतो. मुख्य थ्रेड साधा असल्यामुळे त्याने सुरू केलेले थ्रेडही साधेच असतात.

मुख्य थ्रेड संपला की इंटरप्रिटर आधी सगळे साधे थ्रेड संपण्याची वाट पाहतो, आणि या वाट पाहण्याला वेळेची मर्यादा नसते. ते सगळे संपल्यावर अॅटएक्झिट मॉड्यूलमध्ये ‘बाहेर पडताना चालव’ म्हणून नोंदवलेली फंक्शन्स चालतात, शेवटी नोंदवलेलं सर्वांत आधी. त्यानंतर ‘बंद होतोय’ अशी खूण लागते, आउटपुटचे बफर (लिहायचा मजकूर तात्पुरता साठतो त्या जागा) रिकामे होतात, मॉड्यूल मोडली जातात आणि मेमरी मोकळी होते.

पहिल्या दोन पायऱ्यांच्या क्रमात अनेकजण फसतात. समजा नोंदी लिहिणारा साधा थ्रेड ‘थांब’ अशी खूण मिळेपर्यंत लूपमध्ये फिरतो आहे, आणि ती खूण देणारं फंक्शन आपण अॅटएक्झिटमध्ये नोंदवलं आहे. वाचायला हे अगदी बरोबर वाटतं. प्रत्यक्षात इंटरप्रिटर थ्रेड संपण्याची वाट पाहतो, थ्रेड खुणेची वाट पाहतो, आणि खूण देणारं फंक्शन इंटरप्रिटरची वाट संपल्याशिवाय चालतच नाही. प्रोग्राम कायमचा अडकतो. कंट्रोल-सी दाबलं की वाट पाहणं तुटतं, ‘दुर्लक्षित एक्सेप्शन’ असा संदेश छापला जातो आणि बाहेर पडता येतं. पण सर्व्हरवर कंट्रोल-सी दाबायला कोणी बसलेलं नसतं.

मग अनेकजण थ्रेड डीमन करून टाकतात. अडकणं थांबतं, कारण डीमन थ्रेडसाठी इंटरप्रिटर थांबत नाही. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. पायथॉनच्या नेहमीच्या बिल्डमध्ये एका वेळी एकच थ्रेड पायथॉन कोड चालवतो. ज्याच्या हातात जीआयएल नावाचं लॉक, त्याची पाळी. दुसरा कोणी वाट पाहत असेल, तर साधारण 5 मिलिसेकंदांनी हे लॉक सोडायला लावलं जातं. डिस्कवर लिहिताना किंवा नेटवर्ककडून उत्तर येईपर्यंतही थ्रेड ते सोडतो. ‘बंद होतोय’ ही खूण लागल्यावर डीमन थ्रेड लॉक परत मागायला आला, की तो तिथेच संपतो. त्याच्या फायनली ब्लॉकमधला, एरवी शेवटी हमखास चालणारा कोड चालत नाही, फाइल नीट बंद होत नाही. जिथे होता तिथे काम तुटतं.

त्याहून वाईट म्हणजे त्या क्षणी त्याच्या हातात दुसरं एखादं लॉक असेल, तर ते सोडायला आता कोणी उरलेलं नसतं. स्क्रीनवर छापण्याच्या बफरलाही स्वतःचं लॉक असतं. छापता छापता डीमन थ्रेड संपला आणि मग मुख्य थ्रेड तो बफर रिकामा करायला गेला, तर लॉक मिळालं नाही अशी ‘फेटल एरर’ येते. तिच्या मजकुरातच ‘बहुधा डीमन थ्रेडमुळे’ असं लिहिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते खरं असतं.

पायथॉन 3.14 मध्ये यात एक बदल झाला. आधी अशा थ्रेडला ऑपरेटिंग सिस्टीमच्या पातळीवर संपवलं जाई. तेव्हा सी++ मध्ये लिहिलेल्या लायब्ररीतून चालू असलेला थ्रेड अर्ध्यातून तुटला की संपूर्ण प्रोग्राम कोसळण्याचा धोका असे. आता तो थ्रेड जिथल्या तिथे गोठवला जातो आणि प्रोसेस संपली की नाहीसा होतो. क्रॅशचा धोका कमी झाला, पण अर्धवट राहिलेलं लिखाण अर्धवटच राहतं.

खात्रीचा मार्ग एकच: थ्रेडला बाहेरून मारू नये, त्याला थांबायला सांगावं आणि मुख्य थ्रेड संपण्याआधी सांगावं. त्यासाठी थ्रेडिंग मॉड्यूलमधला ‘इव्हेंट’, म्हणजे थ्रेडना वाट पाहता येईल अशी खूण, वापरावा. लूपमध्ये 60 सेकंद स्लीप करण्याऐवजी त्या इव्हेंटवर 60 सेकंदांचा वेट लावावा. स्लीपमध्ये असलेल्या थ्रेडला खूण दिसायला पूर्ण मिनिट लागू शकतं, वेटमध्ये असलेला थ्रेड खूण मिळताच जागा होतो. थ्रेड क्यूमधून (कामांच्या रांगेतून) काम उचलत असेल, तर क्यूमध्ये शेवटी ‘नन’ (पायथॉनचं ‘काहीच नाही’) टाकावं आणि ते मिळालं की थ्रेडने लूप सोडावा. नेटवर्कवर अडकणाऱ्या थ्रेडसाठी सॉकेटला टाइमआउट हवाच, नाहीतर इव्हेंट तपासायची त्याची पाळीच येत नाही.

मुख्य कोड ट्राय ब्लॉकमध्ये ठेवून फायनलीमध्ये आधी इव्हेंट सेट करावा, मग टाइमआउट देऊन थ्रेड जॉइन करावा, म्हणजे तो संपण्याची तेवढा वेळ वाट पाहावी. टाइमआउटसह केलेलं जॉइन थ्रेड संपला की नाही हे सांगत नाही, दोन्ही वेळा ‘नन’च परत देतं. त्यामुळे पुढच्याच ओळीत थ्रेड जिवंत आहे का, ते तपासावं लागतं. अॅटएक्झिटमधूनच आवरायचं असेल, तर थ्रेड डीमन ठेवावा आणि तिथे इव्हेंट सेट करून जॉइन करावं. त्या वेळी ‘बंद होतोय’ ही खूण अजून लागलेली नसते, म्हणून थ्रेडला आपलं काम पुरं करता येतं.

यातलं काहीही सिगटर्म सिग्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमकडून येणाऱ्या ‘संप’ या सूचनेला, आपोआप लागू होत नाही. तो आला की पायथॉनची प्रोसेस फायनली किंवा अॅटएक्झिट न चालवता तिथेच संपते. म्हणून मुख्य थ्रेडमध्ये हँडलर (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) नोंदवून त्यातून सिस-एक्झिट करावं, म्हणजे प्रोग्राम रीतसर संपवावा. डॉकर कंटेनर (प्रोग्राम वेगळा बांधून चालवण्याची सोय) थांबवताना सिगटर्मनंतर साधारणपणे 10 सेकंद मिळतात, असे अनेक कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसमध्ये 30, आणि मग सक्तीने संपवणारा सिगकिल येतो, ज्याला हँडलर लावता येत नाही. जॉइनचे सगळे टाइमआउट मिळून या मुदतीच्या आत बसले पाहिजेत. आणि सिस-एक्झिट बॅकग्राउंड थ्रेडमधून केलं तर फक्त तो थ्रेड संपतो, प्रोग्राम चालूच राहतो.

प्रोग्राम बंद होताना अडकतोय आणि कारण सापडत नसेल, तर मुख्य कोडच्या शेवटी थ्रेडिंगच्या एन्युमरेट फंक्शनने जिवंत थ्रेडची यादी छापावी. प्रत्येकाचं नाव आणि तो डीमन आहे का, हे त्यात दिसतं. त्यासाठी थ्रेड तयार करतानाच त्यांना ओळखू येतील अशी नावं द्यावीत. सोबत फॉल्टहँडलर मॉड्यूलला 10 सेकंदांनी ट्रेसबॅक छापायला सांगून ठेवलं, तर प्रत्येक थ्रेड कोणत्या ओळीवर थांबला आहे तेही कळतं.