फर्स्ट अँगल, थर्ड अँगल आणि खान्देशातला ड्राफ्ट्समन

ड्रॉइंग शीटच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, टायटल ब्लॉकमध्ये एक बारीक चिन्ह असतं. कापलेला शंकू आडवा ठेवलेला आणि शेजारी एकात एक दोन वर्तुळं. वस्तूचे समोरून, वरून, बाजूने दिसणारे व्ह्यू शीटवर कोणत्या पद्धतीने मांडलेत हे ते सांगतं. पद्धती दोन: फर्स्ट अँगलमध्ये वरचा व्ह्यू समोरच्याच्या खाली, थर्ड अँगलमध्ये त्याच्या वर. वर्तुळं शंकूच्या रुंद टोकाजवळ असतील तर शीट फर्स्ट अँगलचं, अरुंद टोकाजवळ असतील तर थर्ड अँगलचं. जळगाव-धुळे-नंदुरबारच्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकमधून ड्राफ्टिंग शिकून बाहेर पडणाऱ्या मुलाला कारखान्यातला पहिला धक्का बसतो तो बहुतेक वेळा इथेच. त्यात दोष मुलाचा कमी आणि साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या एका निर्णयाचा जास्त.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगून पुढे जाऊ. लाकडी बोर्ड, मिनी ड्राफ्टर, ट्रेसिंग पेपर, शाईचे पेन आणि चुकलेली रेघ खरवडायला ब्लेड. मूळ ट्रेसिंग जपून ठेवायचं आणि वर्कशॉपला अमोनिया प्रिंट द्यायची. इंचाचं काम होतं, 1956 च्या मेट्रिक मापांच्या कायद्यानंतर ते हळूहळू मिलिमीटरवर आलं. बांधकामात मात्र फूट अजून गेलेला नाही.

आता तो निर्णय. अभियांत्रिकी ड्रॉइंगचं पहिलं भारतीय मानक, आयएस 696, 1955 साली निघालं आणि त्यात फर्स्ट अँगलची शिफारस होती. डिसेंबर 1960 च्या सुधारित आवृत्तीत थर्ड अँगलही आला आणि दोन्हींपैकी कोणता घ्यायचा हे वापरणाऱ्यावर सोडलं गेलं. वरवर ही सवलत वाटते. पण मानक ठेवायचं ते सगळ्यांनी एकच भाषा बोलावी म्हणून. भाषा निवडण्याची मुभा दिली की ज्याच्याकडे ज्या देशाचं तंत्रज्ञान आलं, त्याने त्या देशाची पद्धत उचलली. अमेरिकी ड्रॉइंगवर वाढलेले कारखाने थर्ड अँगलला चिकटले, बाकीचे फर्स्टवर राहिले. पुढे 1988 च्या एसपी 46 या पुस्तिकेने पुन्हा फर्स्ट अँगलची शिफारस केली, 2003 च्या आवृत्तीनेही तीच ठेवली. शाळा-कॉलेजं तिकडे वळली. कारखान्यांच्या कपाटातली हजारो जुनी ड्रॉइंग मात्र आहेत तशीच राहिली, आणि स्पेअर पार्ट आजही त्यांच्यावरूनच बनतात.

याने नेमकं काय बिघडतं? 120 बाय 80 मिमी तळाचा एल आकाराचा ब्रॅकेट घ्या. उभी पट्टी डाव्या टोकाला, तळात एक भोक, पुढच्या कडेपासून 15 मिमीवर. फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो आणि त्यातली खालची कड म्हणजे ब्रॅकेटची पुढची कड. थर्ड अँगलची सवय असलेला कारागीर त्याच व्ह्यूला खालून पाहिलेला व्ह्यू समजतो, म्हणजे त्याच्या लेखी खालची कड ही मागची. भोक मागच्या कडेपासून 15 मिमीवर पडतं, जागेपासून 50 मिमी दूर. उजव्या हाताचा ब्रॅकेट डाव्या हाताचा झाला. कसाही फिरवा, बसणार नाही. जॉब दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर चूक झाकली जाते, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

जाणता कारागीर इथे तुटक रेघ पाहतो; झाकलेली, न दिसणारी कड शीटवर तुटक काढतात. उभ्या पट्टीची आतली कड वरून दिसते, खालून दिसत नाही. खालून पाहिलेल्या व्ह्यूमध्ये ती तुटक हवी होती आणि शीटवर ती अखंड आहे, म्हणजे अँगल दुसरा. तुटक रेघा मन लावून काढायला शिकवणं म्हणूनच गरजेचं आहे. हल्ली थ्रीडी मॉडेलवरून व्ह्यू आपोआप पडतात आणि ‘गर्दी होते’ म्हणून तुटक रेघा बंद करून टाकतात; तेव्हा शेवटचा पुरावाही पुसला जातो.

संगणकावर ड्रॉइंग काढायचं ऑटोकॅड 1982 अखेरीस बाजारात आलं. आपल्याकडच्या वर्गांत ते नंतर पोचलं, आणि त्याने अँगलचा गुंता सोडवला नाही, टेम्पलेटमध्ये, म्हणजे नवं ड्रॉइंग जिच्यावरून सुरू होतं त्या तयार फाइलमध्ये, नेऊन ठेवला. ‘अकॅड’ हे टेम्पलेट इंचाचं, ‘अकॅडआयएसओ’ मिलिमीटरचं. विद्यार्थी पहिलं उघडून मिलिमीटरमध्ये काढायला लागतो. मग डायमेन्शनचे आकडे 0.18 उंचीचे, म्हणजे डोळ्यांना दिसेनासे होतात. तो ते हाताने मोठे करतो, डायमेन्शन एक्स्प्लोड करतो, म्हणजे फोडून सुट्या रेघा-अक्षरं करतो, आणि पुढे मोजमाप बदललं तरी आकडा जुनाच राहतो. दुसऱ्याच्या इंचाच्या फाइलमधला ब्लॉक, म्हणजे तयार आकृती, आणला तर तो 25.4 पट मोठा किंवा लहान येतो. उपाय एकच: रेघ मारण्याआधी युनिट आणि टेम्पलेट पाहा, मॉडेल स्पेसमध्ये, म्हणजे मूळ ड्रॉइंगच्या जागेत, खऱ्या मापात काढा, स्केल लेआउटच्या (छापायच्या पानाच्या) व्ह्यूपोर्टला, म्हणजे त्यातल्या खिडकीला द्या. 1:100 च्या छापील शीटवर 2.5 मिमीचं अक्षर हवं आणि ते मॉडेल स्पेसमध्येच लिहायचं असेल, तर उंची 250.

खान्देशात आज काम आहे ते वेगवेगळ्या जातीचं. जळगावच्या प्लास्टिक पाइप, चटई आणि ठिबकच्या कारखान्यांना मोल्डची ड्रॉइंग लागतात. एचडीपीई हे पाइपचं प्लास्टिक थंड होताना दीड ते तीन टक्के आटतं. दोन टक्के धरले तर 100 मिमीच्या भागाला मोल्डमधली पोकळी साधारण 102 मिमीची हवी, आणि शीटवर लिहिलेलं माप भागाचं की पोकळीचं हे स्पष्ट हवं. डाळ मिलच्या हॉपरचे पत्रे लेझरवर कापायला डीएक्सएफ, म्हणजे मशीनला वाचता येणारी ड्रॉइंगची फाइल जाते; एकावर एक दोन रेघा राहिल्या तर मशीन तीच जागा दोनदा कापतं, म्हणून पाठवण्याआधी अशा जादा रेघा पुसणारी ऑटोकॅडची ओव्हरकिल कमांड चालवायची. ठिबकच्या आराखड्यात केळीची लागवड 5 बाय 6 फुटांवर, एकरी सुमारे 1452 झाडं, पण लॅटरल (ओळीतून जाणारी ठिबकची नळी) 16 मिमी आणि शेताची मोजणी मीटरमध्ये. तिन्ही एककं एकाच शीटवर येतात.

सिव्हिलकडे डिसेंबर 2020 मध्ये मुंबई वगळता बहुतेक राज्याला एकच बांधकाम नियमावली आली. ऑनलाइन मंजुरीत ड्रॉइंग आधी संगणक तपासतो, माणूस नंतर. लेयरची (ड्रॉइंगमधल्या थरांची) नावं ठरवून दिलेली, प्लॉटची हद्द आणि खोल्या बंद पॉलिलाइनमध्ये, म्हणजे टोकाला टोक जुळलेल्या सलग रेघेत. कोपऱ्यात एक मिलिमीटर फट राहिली तरी क्षेत्रफळ निघत नाही आणि प्रस्ताव परत येतो. डोळ्यांना निर्दोष दिसणारी फाइल यात नापास होते, आणि कॉलेजच्या परीक्षेत मात्र अजून छापील शीटच तपासलं जातं.

मुलाखतीला जाताना मुलांनी दाखवायला घराचा रंगीत थ्रीडी नेण्यापेक्षा तोच एल ब्रॅकेट दोन्ही अँगलमध्ये, चिन्हासकट, स्वतः व्हर्नियरने मोजून काढलेला न्यावा. पुण्या-नाशिकच्या टूलरूममध्ये शीट हातात घेणारा पहिला डोळा त्या उजव्या कोपऱ्याकडेच टाकतो.