नृत्यबंदी

सार्वजनिक जागी, ठरावीक काळात किंवा ठरावीक लोकांनी नाचू नये असा धर्मसंस्थेचा, गावाचा अथवा शासनाचा नियम. लग्नमांडवातले आणि देवापुढचे नृत्य या नियमातून बहुधा सुटते. स्त्री-पुरुषांचे एकत्र नृत्य आणि पोटासाठी केलेले नृत्य सहसा सुटत नाही. बंदी कालबद्ध असते किंवा कायमची. जर्मनीत गुड फ्रायडेला सार्वजनिक नाच बंद असतो, त्याच्या वेळा मात्र राज्याराज्यांत वेगळ्या आहेत. मुंबईतील मराठीभाषक ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात लग्ने टाळतात. त्यामुळे घुमट या वाद्याच्या तालावर नाचत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणण्याचा लग्नविधीही त्या काळात होत नाही. अशी बंदी फारशी जाचत नाही, कारण ती उठण्याचा दिवस सर्वांना ठाऊक असतो. पुढील विवेचन मुख्यतः कायमच्या बंदीविषयी आहे.

उगम : कायमच्या नृत्यबंदीचे मूळ प्युरिटन या कडक आचाराच्या इंग्रज प्रॉटेस्टंट पंथात आहे, असे सरसकट लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. इंग्लंडमध्ये प्युरिटनांचा अंमल असताना, १६५१ साली, जॉन प्लेफर्डने लोकनृत्यांच्या चाली आणि पदन्यास सांगणारे पुस्तक लंडनमध्ये उघडपणे छापून विकले. अमेरिकेत बोस्टनचे धर्मोपदेशक इन्क्रीज मॅथर यांनी १६८४ च्या सुमारास नृत्याविरुद्ध जी पुस्तिका लिहिली, तिचा रोख स्त्री-पुरुषांच्या एकत्र नाचावर होता. संयमाने केलेले नृत्य मुळातच पाप आहे, असे त्यांचेही म्हणणे नव्हते. म्हणून सरसकट बंदीचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील पुनरुज्जीवनवादी प्रॉटेस्टंट पंथांकडे जास्त जाते, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. १८४५ मध्ये स्थापन झालेल्या टेक्सासमधील बेलर या बॅप्टिस्ट विद्यापीठाने आपल्या आवारातील नृत्यबंदी उठवली ती १९९६ मध्ये.

एल्मोर सिटी : धार्मिक वळणाच्या नृत्यबंदीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातले हे हजाराच्या आतल्या वस्तीचे गाव. गावच्या हद्दीत सार्वजनिक नृत्य करू नये, हा तिथला नियम परंपरेने १८९८ चा मानतात. दारूबाजी आवरण्यासाठी तो केला, असे कारण सांगितले जाते. मात्र १८९८ मध्ये ओक्लाहोमा हे राज्यच नव्हते. ते १९०७ मध्ये झाले. हा मुलूख तेव्हा इंडियन टेरिटरी या मूळ अमेरिकी जमातींसाठी राखलेल्या प्रदेशातील चिकासॉ जमातीच्या राष्ट्राचा होता आणि तिथे मद्यविक्रीला संघराज्याच्या कायद्याने आधीच मनाई होती. केवळ दारूसाठी नाच बंद करावा लागला, हे स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे ठरते. १८९८ हेच कर्टिस कायद्याचेही वर्ष आहे. या कायद्याने इंडियन टेरिटरीतील वस्त्यांना रीतसर नगर म्हणून नोंदणी करण्याची वाट मोकळी झाली. नगराचा पहिला अधिकार हाती येताच त्यातला थोडा नाचणाऱ्या पायांवर वापरला गेला असावा, असा तर्क करता येतो. परंपरागत सालाशी तो जुळतो.

१९८० मध्ये तिथल्या शाळेतील मुलांनी निरोप समारंभाला नाच हवा अशी मागणी केली. आसपासच्या धर्मोपदेशकांनी विरोध केला, गावात दोन तट पडले. अखेर शाळा मंडळाने परवानगी दिली आणि नाच झाला.

संगीतिकेतील रूप : ही बातमी वाचून गीतकार डीन पिचफर्ड त्या गावी गेले. त्यांच्या पटकथेवरून हर्बर्ट रॉस दिग्दर्शित ‘फूटलूज’ हा चित्रपट १९८४ मध्ये आला. पिचफर्ड आणि वॉल्टर बॉबी यांनी केलेले त्याचे रंगमंचीय रूपांतर, टॉम स्नो यांच्या संगीतासह, २२ ऑक्टोबर १९९८ रोजी ब्रॉडवेवर सुरू झाले आणि ७०९ प्रयोगांनंतर जुलै २००० मध्ये थांबले. कथेतले गाव काल्पनिक आहे. शिकागोहून आलेला मुलगा विरुद्ध मुलाच्या अपघाती मृत्यूने खचलेला धर्मोपदेशक, असा संघर्ष आहे. नगरसभेपुढे हा मुलगा धर्म नाकारत नाही. तो बायबलच उघडतो : स्तोत्रसंहितेतील १४९ वे स्तोत्र, परमेश्वरापुढे नाचणारा दावीद राजा, ‘नाचण्याचाही समय असतो’ हे बायबलातील ‘उपदेशक’ या ग्रंथातले वचन. मराठी वाचकाला ही युक्तिवादाची रीत परकी वाटू नये. कीर्तनात नाचणे हीच भक्ती, असे संतांनी सांगितले. वारीत पाऊल्या टाकणारे आणि फुगड्या घालणारे वारकरी आजही तेच करतात. रंगमंचावर बंदी घालणाऱ्या धर्मोपदेशकालाही गाणी मिळाली, त्याचे दुःख गाता आले. या कृतीचे मोठेपण तिथे आहे.

मुंबई : येथील बंदीला धर्माऐवजी नीतीचे नाव मिळाले. मुली देवाला वाहण्याची प्रथा मुंबई इलाख्यात १९३४ च्या देवदासी संरक्षण कायद्याने बेकायदेशीर ठरली. त्यात मुलींचे रक्षण हा हेतू उघड आणि योग्यच होता. स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या सुमारास, बाळासाहेब खेर यांच्या कारकिर्दीत तमाशावर काही काळ बंदी आली.

सर्वांत मोठा वाद २००५ चा. गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात ३३अ आणि ३३ब ही कलमे घातली गेली. पहिल्याने उपाहारगृहे, परमिट रूम आणि बिअर बारमधील प्रत्येक प्रकारचे नृत्य बंद केले; दुसऱ्याने नाट्यगृहे, सभासदांचे क्लब, जिमखाने आणि तीन वा अधिक तारांकित हॉटेले वगळली. तेच नृत्य पंचतारांकित हॉटेलात कायदेशीर आणि परमिट रूममध्ये गुन्हा, हा भेद अन्यायाचा होता, आणि त्याची किंमत बारमध्ये नाचून घर चालवणाऱ्या हजारो बायकांनी मोजली. मुंबई उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी समानतेच्या आणि व्यवसायस्वातंत्र्याच्या आधारे बंदी रद्द केली. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. २०१४ मध्ये राज्याने तारांकित हॉटेलांची सवलत काढून बंदी पुन्हा आणली. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिला स्थगिती मिळाली, तेव्हा २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला.

या कायद्याखालच्या एका अटीत धर्म पुन्हा डोकावतो : नृत्याची जागा धार्मिक स्थळापासून आणि शिक्षणसंस्थेपासून किमान एक किलोमीटर दूर हवी. गिरगावात वा भायखळ्यात उभे राहून पाहावे. देऊळ, दर्गा, अग्यारी, चर्च किंवा शाळा यांपैकी काहीतरी हाकेच्या अंतरावर असतेच. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाळता न येणारी म्हणून ही अट रद्द केली. सीसीटीव्हीची सक्ती आणि मंच व मद्याची जागा यांमधला आडपडदाही गेला. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ कायम राहिली. नर्तकीला बक्षिसी देता येते, तिच्या अंगावर नोटा उधळता येत नाहीत.