हिवताप-प्रतिबंधक औषधसेवन (दीर्घ मुक्कामातील)

हिवतापप्रवण प्रदेशात काही आठवडे वा महिने फिरणाऱ्या बाहेरच्या माणसाने रोग होऊ नये म्हणून ठरावीक अंतराने औषध घेत राहण्याची पद्धती. उष्ण कटिबंधातील दीर्घ पदभ्रमंतीच्या संदर्भात तिचा विचार होतो. विदर्भात तो मुख्यतः गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड, एटापल्ली, धानोरा या वनप्रदेशासंबंधी करावा लागतो, कारण राज्यातील हिवतापाचा मोठा भार याच जिल्ह्यावर असून तेथे फॅल्सिपेरम हा घातक प्रकार अधिक आढळतो.

पद्धतीचे मूळ सिंकोना या वृक्षाच्या सालीत आहे. पेरूच्या व्हाइसरॉयची पत्नी, चिंचोनची काउंटेस, १६३८ च्या सुमारास हिवतापातून या सालीने बरी झाली आणि तिनेच ती यूरोपात आणली, ही कथा सेबास्तिआनो बादो याने १६६३ मध्ये छापली. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७४२ मध्ये वृक्षाच्या प्रजातीला तिच्यावरून नाव दिले, तेही एक अक्षर गाळून. १९४१ मध्ये इतिहाससंशोधक हॅगिस यांनी लिमा येथील समकालीन रोजनिशी तपासली, तेव्हा तीत काउंटेसच्या अशा दुखण्याचा मागमूस लागला नाही; शिवाय ती परतीच्या वाटेवर कार्ताहेना येथेच वारली. कथा बहुधा रचलेली असावी व साल जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या लोकांमार्फत यूरोपात गेली असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. पेल्त्ये व काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी १८२० मध्ये सालीतून क्विनीन हे हिवतापावरील औषधद्रव्य वेगळे केले. जुन्या मराठीतील ‘कोयनेल’ ते हेच.

पुढे क्लोरोक्वीनची साप्ताहिक गोळी रूढ झाली, परंतु १९७३ मध्ये आसामात फॅल्सिपेरम तिला दाद देत नसल्याचे दिसले आणि तिचा भरवसा ओसरला. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार मुक्काम सहा आठवड्यांपर्यंतचा असल्यास प्रौढांना डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ. रोज (प्रवासाच्या दोन दिवस आधीपासून) व त्याहून दीर्घ असल्यास मेफ्लोक्वीन २५० मिग्रॅ. आठवड्यातून एकदा (दोन आठवडे आधीपासून) देतात; दोन्ही परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागतात. फेफरे वा मानसिक विकाराचा पूर्वेतिहास असणाऱ्यांना मेफ्लोक्वीन वर्ज्य आहे. डॉक्सिसायक्लिनने उन्हात त्वचा भाजते, आणि गोळी पुरेशा पाण्याशिवाय गिळून लगेच आडवे झाल्यास अन्ननलिकेला व्रण पडतो. गरोदर स्त्रिया व आठ वर्षांखालील मुलांना ते देत नाहीत.

महिनोन्‌महिने औषध घ्यावे की नाही, याविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते मच्छरदाणी, तापाची तत्काळ रक्ततपासणी आणि जवळ बाळगलेले उपचाराचे औषध पुरेसे आहे. आशा कार्यकर्तीकडे तपासणीची पट्टी मिळते, तेथे या मताला आधार आहे. पण पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटतो, त्या काळात नियमित सेवनच श्रेयस्कर. गावकरी गोळ्या घेत नाहीत, हा दाखला फसवा आहे: वारंवारच्या संसर्गाने तेथील माडिया आदिवासी प्रौढात आलेली अंशतः प्रतिकारशक्ती नागपूरहून गेलेल्या तरुणाकडे नसते. मच्छरदाणीचा भरवसाही तसाच फसवा, झोपेत कोपर जाळीला टेकले, की अ‍ॅनॉफेलिस हा हिवताप पसरवणारा डास बाहेरूनच चावतो.

व्हायवॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या प्रकाराचे जंतू यकृतात दडून राहतात व वरील दोन्ही औषधे त्यांना मारीत नाहीत, म्हणून परतल्यानंतर कित्येक महिन्यांनीही ताप येऊ शकतो. त्यावर प्रायमाक्वीन देतात, मात्र त्याआधी जी-६-पीडी या विकराच्या न्यूनतेची तपासणी व्हावी लागते.