जंक (कादंबरी)

जंक : इंग्रज लेखक मेल्विन बर्जेस यांची किशोर आणि तरुण वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी. लंडनच्या अँडरसन प्रेसने ती १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेत ती १९९८ मध्ये ‘स्मॅक’ या नावाने निघाली. दोन्ही हेरॉइनचीच बोलीतली नावे. घरातून पळालेली चौदा वर्षांची दोन मुले ब्रिस्टल शहरात येतात, रिकाम्या घरांत घुसून राहणाऱ्या तरुणांमध्ये मिसळतात आणि हेरॉइनच्या आहारी जातात, एवढेच तिचे कथानक. १९९६ चे कार्नेगी पदक आणि १९९७ चा ‘गार्डियन’ वृत्तपत्राचा बालसाहित्य पुरस्कार हे ब्रिटनमधले दोन मोठे सन्मान तिला मिळाले. व्यसन या विषयावर मुलांसाठी लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकांत तिचे नाव आजही आधी घेतले जाते. ही मान्यता विषयाच्या धीटपणाला मिळाली असे अनेकदा म्हटले जाते. कादंबरीची खरी ताकद मात्र तिच्या सांगण्याच्या पद्धतीत आहे.

लेखक

बर्जेस यांचा जन्म १९५४ चा, लंडनजवळच्या ट्विकनमचा. थोडे पत्रकारितेचे शिक्षण, मग गवंडीकामासारखी हाताला मिळतील ती कामे आणि मधूनमधून बेकारी, अशी त्यांची उमेदवारीची वर्षे गेली. त्यांतली बरीच ब्रिस्टलमध्ये. इंग्लंडमधल्या शेवटच्या लांडग्यांची शिकार सांगणारी त्यांची पहिली कादंबरी १९९० मध्ये आली आणि तिची चांगली दखल घेतली गेली. ‘जंक’मधला ब्रिस्टल त्यांनी पाहिलेला आणि भोगलेला आहे. पात्रे काल्पनिक असली तरी पुस्तकात घडते ते सगळे कोणा ना कोणाच्या बाबतीत घडलेले आहे, असे त्यांचे म्हणणे. वाचताना त्यावर विश्वास बसतो. पडीक घराचे कुलूप कसे बदलायचे, वीज कशी सुरू करून घ्यायची, पहिल्या रात्री काय पांघरायचे, असल्या गोष्टी कल्पनेने इतक्या सहज लिहिता येत नाहीत.

कथानक

काळ १९८० च्या दशकाचा पूर्वार्ध. डेव्हिड आणि जेमा समुद्रकाठच्या मिनली या काल्पनिक गावात राहतात. डेव्हिडला सगळे टार म्हणतात. जेमा सिगारेट ओढू लागली की तो तिला फुप्फुसात साचणाऱ्या डांबरावर, इंग्रजीतल्या ‘टार’वर, व्याख्यान देतो, त्यावरून पडलेले हे नाव. असा मुलगा पुढे सुईपर्यंत जातो; लेखक या विसंगतीकडे बोट दाखवत नाही, नाव नुसते वापरत राहतो.

टारचे वडील शिक्षक आहेत आणि मुलाला मारतात. आई दारूत बुडालेली. तिला सांभाळायचे, घर आवरायचे, तिचे रडणे ऐकायचे, हे सगळे मुलाच्या गळ्यात. तो पळतो तेव्हा वाचकाला हायसे वाटते. जेमाचे तसे नाही. तिचे आईवडील कडक आणि संशयी आहेत, टारला भेटायला बंदी करतात, पण टारच्या घराशी तुलना होईल असे तिच्या घरात काही नाही. तिला गावाचा कंटाळा आला आहे आणि आयुष्य आत्ताच्या आत्ता सुरू व्हायला हवे आहे. ही दोन कारणे शेजारीशेजारी ठेवणे ही या कादंबरीतली पहिली हुशारी. घर मोडके म्हणून पोर बिघडले, हा अशा गोष्टींचा ठरलेला रूळ. इथे मार खाणारा मुलगा बिचकत पाऊल टाकतो आणि खाऊनपिऊन सुखी घरातली मुलगी त्याला ओढत पुढे नेते.

ब्रिस्टलमध्ये टारला आधी भेटतो तो तंबाखूचे दुकान चालवणारा स्कॉली. बोलायला फटकळ, मनाने बरा. तो त्याला रिचर्डकडे पाठवतो. रिचर्ड, व्हॉनी आणि जेरी ही अराजकवादी विचारांची तरुण मंडळी; रात्री बँकांच्या कुलपांत सुपरग्लू भरून भांडवलशाहीला हैराण करणारी. टारला ती सांभाळून घेतात. मागाहून जेमा येते आणि एका पार्टीत तिची लिली आणि रॉब यांच्याशी गाठ पडते. लिली वयाने जवळपास तिच्याएवढीच. बेफाम, देखणी आणि कुणाच्या बापाची भीड न बाळगणारी. जेमा तिच्यावर लुब्ध होते. हेरॉइन हातात येते ते लिलीच्या घरात, लाडाने, भेटवस्तू दिल्यासारखे. आधी नुसता धूर. मग सुई. मग पैशासाठी चोऱ्या आणि मुलींसाठी मसाज पार्लरमधले काम, म्हणजे नाव वेगळे असलेला वेश्याव्यवसाय. शहराबाहेर जाऊन सगळ्यांनी मिळून सोडण्याचा एक प्रयत्न होतो आणि फसतो. लिलीला मूल होते. बाळ अंगावर पीत असतानाही तिची सुई सुटत नाही. जेमाला स्वतःला दिवस गेल्याचे कळते तेव्हा ती फोन उचलते आणि पोलिसांना स्वतःच बोलावते. टार दोष आपल्या अंगावर घेतो. ती आईवडिलांकडे परतते.

इथे संपली असती तर गोष्ट सरळ झाली असती. बर्जेस पुढेही लिहितात. टार सुटून येतो, हेरॉइनऐवजी औषध म्हणून मेथाडोन घेऊ लागतो, बाळ असते, प्रेमही होते. तरी संसार उभा राहत नाही.

निवेदन

कादंबरीतले प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या तोंडी आहे. बहुतेक वेळा टार किंवा जेमा बोलतात, पण स्कॉली, रिचर्ड, व्हॉनी, लिली, रॉब, जेमाची आई आणि अगदी टारचे वडीलही आपापली बाजू मांडून जातात. लेखक स्वतः कुठेही बोलत नाही. व्यसन वाईट, हे वाक्य पुस्तकात कुणी अधिकाराने उच्चारत नाही.

त्याऐवजी ऐकू येते ते स्वतःची समजूत घालणे. आपण मनात आणले तर केव्हाही सोडू, आपण ओढतो म्हणजे व्यसनी नव्हे, व्यसनी ते सुई घेणारे. सुई आल्यावर, व्यसनी ते रोज घेणारे. हद्द दर वेळी एक पाऊल पुढे सरकते आणि सरकवणाऱ्याला ती सरकलेली दिसत नाही. एका प्रकरणात जेमा दिवस मजेत चाललेत म्हणून सांगते आणि पुढच्याच प्रकरणात दुसरे कोणी तिचे वाळलेले दंड आणि घरातला उकिरडा पाहून हादरते. दोन्ही साक्षी वाचकासमोर असतात, निकाल त्याने द्यायचा. पंधरासोळा वर्षांच्या वाचकावर एवढा भरवसा टाकणे ही त्या काळी नवी गोष्ट होती. तोपर्यंत या विषयावरचे सर्वांत खपलेले अमेरिकन पुस्तक म्हणजे १९७१ मधली एका निनावी मुलीची तथाकथित खरी डायरी. तिच्यात शिक्षा आधीच ठरलेली असते आणि पाने ती गाठण्यासाठी उलटतात.

सुखाबद्दलही बर्जेस खोटे बोलत नाहीत. हेरॉइन पहिल्यांदा घेतल्यावर जेमाला जे वाटते ते त्यांनी ती सांगेल तसे लिहिले आहे, मोहक. पुस्तकावर सर्वांत जास्त आक्षेप या पानांवर आला. पण ही पाने वगळली तर एवढी शहाणी मुले त्या घरात महिनोन्‌महिने का राहिली, हे कळायला काही मार्गच उरत नाही.

खलनायक कुणीच नाही, हेही लक्षात घेण्याजोगे. शाळेच्या फाटकापाशी पुड्या विकणारा काळा कोटवाला माणूस या गोष्टीत नाही. नाश आणते ती जिवलग मैत्रीण, आणि मदत करायला धावणारी भली माणसे कमी पडतात. व्हॉनीला जेमाने घरी जावे असे वाटते. रिचर्डला मुलांच्या स्वातंत्र्यात ढवळाढवळ नको असते. दोघांची तत्त्वे प्रामाणिक आहेत. टारच्या वडिलांचे प्रकरण मात्र वाचवत नाही, कारण त्यांचा सूर ओळखीचा निघतो : आपल्या वागण्याला सबबी शोधण्यात बाप, दारू पिणारी आई आणि हेरॉइन घेणारा मुलगा एकाच घरचे शोभतात. या सगळ्यांत रॉब तेवढा धूसर राहिला आहे; त्याच्या तोंडचा मजकूर लिलीच्या प्रकाशातच वाचावा लागतो.

टार चित्रे काढतो. त्याने काढलेले पिवळे डँडेलियनचे फूल आणि त्या फुलाचे नाव हा दोघांमधला प्रेमाचा संकेत होतो. मुलांच्या पुस्तकाला शोभणारा हळवेपणा एवढाच, आणि कथा पुढे सरकते तसा तोही झिजत जातो.

पार्श्वभूमी

१९७९ पर्यंत ब्रिटनमध्ये हेरॉइन घेणारे थोडे होते आणि त्यांतले बरेच लंडनमध्ये. त्या वर्षीच्या इराणी क्रांतीनंतर आधी इराणमधून आणि पुढे पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या पट्ट्यातून स्वस्त तपकिरी हेरॉइन येऊ लागले. ते पन्नीवर तापवून धूर ओढता येई. सुईची भीती गेली की पहिली पायरी सोपी होते. जेमाच्या बाबतीत नेमके हेच घडते. त्याच सुमारास देशातली बेकारांची संख्या ३० लाखांवर गेली. कारखाने बंद पडलेल्या शहरांतल्या वस्त्यांमध्ये हेरॉइन झपाट्याने पसरले. सरकारने १९८५ मध्ये जाहिरातींची मोठी मोहीम काढली. निस्तेज चेहऱ्याच्या पोरांची भित्तिपत्रके गावोगाव लागली. १९८६ मध्ये बीबीसीच्या ‘ग्रेंज हिल’ या शालेय मालिकेतला एक लाडका विद्यार्थी हेरॉइनच्या नादी लागलेला दाखवला गेला. भीती घाला किंवा नाही म्हणायला शिकवा, या दोन वाटांखेरीज त्या वेळी मुलांशी या विषयावर बोलण्याची तिसरी वाट फारशी कुणी धरली नव्हती. कादंबरी दहा वर्षांनी आली ती याच काळाकडे मागे वळून पाहत.

दुसरा संदर्भ रिकाम्या घरांचा. इंग्लंडमध्ये पडून असलेल्या घरात दार न फोडता शिरून राहणे हा तेव्हा फौजदारी गुन्हा नव्हता. मालकाला दिवाणी न्यायालयात जाऊन ताबा मागावा लागे. १९७७ च्या फौजदारी कायद्यामुळे आत कोणी असताना बळजबरीने घुसण्याला बंदी होती, आणि ती अशा रहिवाशांनाही उपयोगी पडे. दारावर तशी सूचना डकवलेली असे. ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स आणि माँटपेलियर या भागांत, १९८० च्या एप्रिलमध्ये जिथे पोलीस आणि कृष्णवर्णीय रहिवासी यांच्यात दंगल उसळली त्या परिसरात, अशी घरे पुष्कळ होती. राहत्या घरांच्या बाबतीत इंग्लंडमध्ये हे करणे १ सप्टेंबर २०१२ पासून गुन्हा ठरले. त्यामुळे नव्या वाचकाला टारचे पहिले घर आता जवळपास ऐतिहासिक वाटते.

मराठी वाचकाला हा काळ परका नाही. त्याच पट्ट्यातले तपकिरी हेरॉइन १९८० च्या दशकात मुंबईत ‘ब्राऊन शुगर’ आणि ‘गर्द’ या नावांनी पोहोचले आणि पन्नीवरच ओढले जाऊ लागले. अमली पदार्थांविषयीचा आपला केंद्रीय कायदा १९८५ चा. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेल्या लेखांतून चळवळ उभी राहिली, आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या मदतीने डॉ. सुनंदा (अनिता) आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. गर्द बंद झाल्यावर अंग मोडणारी, उलट्या-जुलाबांनी बेजार करणारी ‘टर्की’ तिथल्या रुग्णांच्या बोलण्यात येते. लिलीच्या मंडळींचा सोडण्याचा प्रयत्न याच टर्कीपाशी अडतो. फरक उपचारात दिसतो. टारला मिळते ते मेथाडोन आणि डॉक्टरची वेळ. मुक्तांगणच्या पद्धतीत बायको, आई, भाऊ यांनाही खुर्ची असते.

स्वीकार आणि वाद

कार्नेगी पदक १९३६ पासून ग्रंथपालांच्या संघटनेतर्फे दिले जाते, आणि ग्रंथपालच विजेता निवडतात. सुईचे, वेश्याव्यवसायाचे आणि किशोरवयीन शरीरसंबंधांचे वर्णन असलेल्या पुस्तकाला ते जाहीर होताच ब्रिटिश वृत्तपत्रांत गदारोळ झाला. मुलांच्या कपाटात हे पुस्तक ठेवावे का, असा प्रश्न विचारला गेला. तो विचारणाऱ्यांतले अनेक जण पुस्तक बाळगोपाळांसाठी आहे असे धरून चालले होते. ते मोठ्या शाळकरी मुलांसाठी आहे, ही साधी गोष्ट वादात बाजूला पडली. बर्जेस यांची बाजू अशी की मुलांना अमली पदार्थ माहीत असतातच, त्याविषयी प्रामाणिकपणे बोलणारे पुस्तक तेवढे नसते. या वादाचा विक्रीला फायदाच झाला. ब्रिटनमध्ये बालसाहित्य आणि प्रौढांचे साहित्य यांच्यामध्ये तरुण वाचकांचा वेगळा कप्पा पक्का होण्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

ऑक्सफर्ड स्टेज कंपनीसाठी जॉन रेटॅलॅक यांनी १९९८ मध्ये कादंबरीचे नाट्यरूपांतर केले, आणि १९९९ मध्ये बीबीसीने तिच्यावर दूरचित्रवाणीपट काढला. कार्नेगी पदकाच्या सत्तराव्या वर्षानिमित्त २००७ मध्ये आजवरच्या विजेत्यांतून दहा पुस्तके निवडली गेली, त्यांत ‘जंक’ होती. बर्जेस यांच्यावरचा रोष मात्र तेवढ्याने ओसरला नाही. मुलग्यांच्या लैंगिक कुतूहलावरची त्यांची २००३ ची कादंबरी येण्याआधीच तेव्हा ‘चिल्ड्रन्स लॉरिएट’ हा बालसाहित्यिकांसाठीचा मान असलेल्या लेखिका ॲन फाइन यांनी ‘गार्डियन’मधून तिच्यावर कडाडून टीका केली. टीका छापणारे वृत्तपत्र तेच, ज्याने सहा वर्षांपूर्वी ‘जंक’ला पुरस्कार दिला होता.