विटांचा गेम: मॉस्कोहून माळेगावच्या जत्रेपर्यंत

लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांचा बाजार, तमाशाचे फड, घोंगड्यांची पालं, आणि सगळ्यात कडेला प्लास्टिकच्या खेळण्यांची रांग. नव्वदचं दशक सरता सरता त्याच रांगेत मामांनी मला एक राखाडी डबी घेऊन दिली. तिच्यात ९९९९ गेम असल्याचं खोक्यावर छापलं होतं. खरे गेम दहा-बारा, बाकी त्यांचेच वेग बदललेले अवतार. आम्ही मात्र एकच खेळायचो. वरून तुकडे पडतात, ते फिरवून बसवायचे, आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. आम्ही त्याला ‘विटा’ म्हणायचो. टेट्रिस हे नाव त्या डबीवर कुठेच नव्हतं आणि आमच्या गावात ते कुणाला माहीतही नव्हतं.

ज्या यंत्रावर हा गेम जन्मला, ते आमच्या डबीहून फारसं श्रीमंत नव्हतं. साल १९८४. मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजितनोव नोकरीला होते. त्यांच्या टेबलावर इलेक्ट्रोनिका ६० नावाचा संगणक होता आणि त्याच्या पडद्यावर फक्त अक्षरं उमटत. चित्र काढण्याची सोयच नव्हती. म्हणून पाजितनोव यांनी चौकोनी कंस शेजारी शेजारी ठेवून एकेक घर तयार केलं.

त्यांना लहानपणापासून पेंटोमिनो या लाकडी कोड्याची ओढ होती. त्यात पाच-पाच चौकोनांचे बारा तुकडे असतात आणि ते पेटीत नीट बसवून परत ठेवायचे असतात. संगणकावर बारा तुकडे डोईजड होऊ लागले, तेव्हा त्यांनी प्रत्येक तुकड्यातला एक चौकोन कमी केला. चार चौकोनांचे सातच आकार होतात. ग्रीकमध्ये चारसाठी ‘टेट्रा’, आणि पाजितनोव यांचा आवडता खेळ टेनिस. या दोन्हींच्या जोडीतून नाव आलं. पहिल्या खटपटीत एक अडचण उभी राहिली: काही सेकंदांतच पडदा गच्च भरायचा आणि खेळ संपायचा. भरलेली ओळ तशीही काही कामाची नाही, मग ती ठेवायची कशाला? त्यांनी ती पुसून टाकली. माझ्या मते खरा शोध लागला तो इथे. तुकडे गणितज्ञांना आधीपासून ठाऊक होते. केलेलं काम डोळ्यांसमोरून निघून जाऊन पुढच्या कामाला जागा होणं, ही गोष्ट नवी होती.

मग वादिम गेरासिमोव या सोळा वर्षांच्या शाळकरी मुलाने दिमित्री पावलोव्स्की आणि पाजितनोव यांच्या सोबतीने तो आयबीएम पीसीवर आणला आणि तुकड्यांना रंग मिळाले. पुढे फ्लॉपी हातोहात फिरत गेल्या. ना दुकान, ना जाहिरात. हंगेरीत हा गेम पोचला तेव्हा रॉबर्ट स्टाइन या सॉफ्टवेअर व्यापाऱ्याच्या नजरेत तो भरला आणि हक्कांची गुंतागुंत सुरू झाली. सोव्हिएत व्यवस्थेत गेमचा मालक पाजितनोव नव्हे, सरकार होतं. परदेशी व्यवहार एलॉर्ग ही सरकारी संस्था पाहायची. फेब्रुवारी १९८९ मध्ये हेन्क रॉजर्स हे गेम प्रकाशक पर्यटक व्हिसावर मॉस्कोला जाऊन थेट एलॉर्गच्या दारात उभे राहिले आणि हातात धरून खेळायच्या यंत्रांसाठीचे हक्क मिळवून परतले. त्याच वर्षी अमेरिकेत निन्तेन्दो या जपानी कंपनीचं गेम बॉय हे हातात धरायचं यंत्र टेट्रिससकट विकायला आलं. त्या एका आवृत्तीच्या सुमारे साडेतीन कोटी प्रती खपल्या. पाजितनोव यांना स्वतःच्या गेमचं मानधन मिळू लागलं ते १९९६ पासून. बारा वर्षं सगळं जग त्यांचा गेम खेळत होतं आणि त्यांच्या हाती त्यातलं काही पडत नव्हतं, हे वाचताना मला आजही वाईट वाटतं.

गेम बॉय आमच्या गावात कुणी पाहिलेला नव्हता. आमच्यापर्यंत आली ती ही बिननावाची डबी. तरी एक गंमत पाहा: गेम बॉयच्या पडद्यावर विटांसाठी १८ ओळी होत्या, आमच्या डबीवर २०. दहा घरं रुंद, वीस घरं उंच, म्हणजे मॉस्कोतल्या मूळ खेळाचंच माप.

ही डबी मराठवाड्यात घरोघर का रुजली, याचं उत्तर मला तिच्या साधेपणात दिसतं. ती टीव्हीला जोडावी लागत नव्हती, त्यामुळे लाईट गेली तरी चालायची. आणि लाईट तर रोजच जायची. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. कंदिलाजवळ बसून डबी जरा तिरकी धरली की विटा दिसायच्या, आणि ज्याची पाळी नसेल त्याने मागून कंदील हलवायचा नाही, असा नियम होता. वाचायला काही नव्हतं, त्यामुळे शाळेचं तोंड न पाहिलेली आमची आजीही दुपारी दोन-चार ओळी फोडायची. उभ्या तुकड्याला आम्ही दांडी म्हणायचो, चौकोनाला डबा, वाकड्यांना साप. एका बाजूला खड्डा राखून दांडीची वाट पाहायची आणि ती आली की चार ओळी एकदम! तेवढ्यासाठी जीव टांगणीला लागायचा.

सगळ्यात मोठा घोर सेलचा. पेन्सिल सेल उतरले की विटा फिक्या पडत. सेल काढून उन्हात ठेवले तर तास-दीड तासाचा खेळ आणखी मिळायचा, पण सेल काढताच सर्वाधिक गुणांचा आकडा पुसला जायचा. ताई ओरडायची, “थांब रे, आधी आकडा लिही!” तो आकडा कोळशाने कोनाड्याच्या आत लिहिला जायचा, नावासकट.

या खेळाचा डोळ्यांवर काय परिणाम होतो, हे तेव्हाच कळलं होतं. झोपायला गेलं की मिटल्या पापण्यांआड विटा पडत राहायच्या. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाया सांगायच्या की डोळे मिटले तरी बोंडंच दिसतात. तीच ही गोष्ट. २००० साली हार्वर्डमधल्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी याचा अभ्यास केला. त्यात स्मृतिभ्रंशाचे पाच रुग्ण होते. आपण गेम खेळलो हेही त्यांना आठवत नव्हतं, तरी पाचपैकी तिघांना झोप लागताना पडणारे तुकडे दिसले.

गणितवाल्यांनाही हा खेळ सुटला नाही. दोन उलटसुलट साप एकाआड एक येत राहिले, तर कितीही पट्टीचा खेळाडू सत्तर हजार तुकड्यांच्या आत हरतोच, हे हायडी बर्गिएल यांनी १९९७ मध्ये सिद्ध केलं. माणसाची मजल मात्र वाढत राहिली. निन्तेन्दोच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रावरच्या १९८९ च्या आवृत्तीत २१ डिसेंबर २०२३ रोजी ओक्लाहोमातला तेरा वर्षांचा विलिस गिब्सन १५७ व्या पातळीवर पोचला आणि गेमच गोठून पडला.

मला स्वतःला याहून छोटी गोष्ट जास्त भुरळ घालते. सातही आकार एकेकदा घेतले तर २८ घरं होतात. मग ७ बाय ४ चा आयत त्यांनी सहज भरेल असं वाटतं. भरत नाही. आयताला बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी घरं रंगवा: १४ काळी, १४ पांढरी. सहा तुकडे कुठेही ठेवले तरी दोन काळी आणि दोन पांढरी घरं झाकतात. टी आकाराचा तुकडा मात्र तीन आणि एक झाकतो. बेरीज पंधरा-तेरा होते, चौदा-चौदा कधीच नाही.

हे मी भाचीला दिवाळीत सांगितलं. तिने जुन्या लग्नपत्रिकेचे सात तुकडे कापले आणि ओसरीवर बसून दुपारभर जुळवाजुळव केली. हिशोब तिला समजला, पण पटला नाही. परवा फोनवर म्हणाली, “मामा, सहा तुकडे बसले, सातवा थोडक्यात हुकला.” तुकडे वापरून मऊ पडलेत म्हणून आता जाड पुठ्ठ्याचे कापायला घेतलेत.