आजारपण, मेडिकल सर्टिफिकेट आणि आठ दिवसांची अट

‘आजारी कामगाराला कामावरून काढता येत नाही’ हे वाक्य गेट मीटिंगमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सारख्याच ठामपणे ऐकू येते. त्याचे मूळ १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायद्याच्या कलम ७३ मध्ये आहे. वाक्य खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे १९६३ साली सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि त्याची किंमत कामगारांनी पुढची तीस वर्षे मोजली.

स्वातंत्र्यापूर्वी मुंबईच्या गिरण्यांत आजारपणाची रजा असे काही जवळपास नव्हतेच. माणूस अंथरुणाला खिळला की कोकणात किंवा घाटावर गावी जायचा, त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, बदलीवाला कामगार उभा राहायचा. बरा होऊन आल्यावर जागा मिळणे न मिळणे जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर. १९२९ साली नेमलेल्या शाही श्रम आयोगाने आजारपणाच्या विम्याची गरज मांडली, अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकाने १९४४ मध्ये आराखडा दिला, १९४८ मध्ये कायदा झाला. योजना फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. १९५४ मध्ये नागपूर आणि मुंबईचे कामगार तिच्यात आले.

या योजनेने सर्टिफिकेटला प्रथमच पैशाचे मोल आले. मुंबईत त्यासाठी पॅनेल डॉक्टर, म्हणजे योजनेच्या यादीवरचे खासगी डॉक्टर, नेमले गेले. कामगाराने आपल्या पॅनेल डॉक्टरकडे जायचे, पहिले सर्टिफिकेट घ्यायचे, आजार लांबला तर मधले, आणि शेवटी कामावर जायला हरकत नाही असे अंतिम. हे कागद योजनेच्या स्थानिक कार्यालयात दिले की आजारपणाचा भत्ता हातात. सुरुवातीला हा भत्ता साधारण निम्म्या मजुरीइतका होता; आज तो सरासरी रोजच्या मजुरीच्या ७० टक्के आहे आणि वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो. पहिले दोन दिवस मात्र सहसा कोरडे जातात.

गावी जाऊन आजारी पडणाऱ्याचे काय, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. तिथे पॅनेल डॉक्टर कुठला? म्हणून नियमांत सोय ठेवली, की दुसऱ्या डॉक्टरचा दाखलाही ‘पर्यायी पुरावा’ म्हणून विमा अधिकाऱ्याला मान्य करता येईल. याच सोयीतून १९६३ चा तो खटला उभा राहिला.

मद्रासच्या एका जुन्या, नावाजलेल्या कापडगिरणीतला कामगार १९५७ च्या जानेवारीत काही दिवसांची रजा घेऊन गेला तो वेळेवर परतलाच नाही. मार्चमध्ये त्याने सरकारी डॉक्टरचे सर्टिफिकेट पाठवले: सुमारे दोन महिने आजारी होतो. गिरणीने त्याला आपल्या डॉक्टरसमोर उभे केले. हा माणूस खरेच इतके दिवस आजारी होता असे आपल्याला सांगता येत नाही, असे त्या डॉक्टरने कळवले. गिरणीच्या स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांत, अट होती, की सलग आठ कामाचे दिवस रजेशिवाय गैरहजर राहणाऱ्याने नोकरी सोडली असे समजले जाईल. व्यवस्थापनाचे समाधान होईल असा खुलासा दिला तरच सुटका. समाधान झाले नाही. नोकरी गेली.

इकडे विमा यंत्रणेने तेच सर्टिफिकेट मान्य केले आणि त्या काळाचा भत्ताही दिला. म्हणजे सरकारी योजनेच्या लेखी माणूस आजारी, गिरणीच्या लेखी पळपुटा. उच्च न्यायालयात अखेर कौल कामगाराकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९६३ मध्ये तो फिरवला.

न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे: कलम ७३ मालकाला आजारपणाच्या काळात शिक्षा म्हणून कामावरून काढायला मनाई करते. इथे मालकाने शिक्षा केलेलीच नाही. स्थायी आदेशाप्रमाणे नोकरी आपोआप संपली. जे आपोआप घडते त्याला हे कलम आडवे येत नाही. राहिला भत्ता, तो मिळाला म्हणून मालकालाही आजार मान्य करावाच लागेल असे नाही.

कायद्याच्या शब्दांवर बोट ठेवून वाचले तर या युक्तिवादात खोट काढणे अवघड आहे. पण परिणाम पाहा. अंथरुणावरच्या माणसाला काढून टाकणारे पत्र पाठवले तर ते बेकायदा, आणि काहीच न पाठवता आठ दिवस मोजत बसले तर कायदेशीर! निकाल लिहिणारे न्यायमूर्ती मूळचे साताऱ्याचे, कामगार कायद्यातले त्यांचे इतर निकाल आजही कामगारांच्या बाजूने उद्धृत होतात, आणि पुढे पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षही तेच झाले. म्हणून हा निकाल जास्तच खुपतो.

त्यानंतर कारखान्यांत एक ठरलेला खेळ सुरू झाला. कामगार गावाहून तार करायचा: ‘आजारी, रजा वाढवा.’ तार मिळालीच नाही असे टाइम ऑफिस म्हणायचे. कंपनी गावच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पत्र धाडायची, ते ‘घर बंद’ असा शेरा घेऊन परत यायचे आणि फाइलला टाचले जायचे. कामगार सर्टिफिकेट घेऊन गेटवर यायचा तेव्हा मस्टरवरचे नाव कापलेले असायचे. मालकांचा संशय अगदीच निराधार नव्हता. सुगीत, लग्नसराईत आणि गणपतीत तापाची साथ दरवर्षी यायची, आणि मागितली ती तारीख टाकून देणारे डॉक्टरही होते. पण त्यावरचा उपाय चौकशी हा होता. नेमकी तीच टाळण्याची वाट आठ दिवसांच्या अटीने करून दिली.

ही वाट हळूहळू अरुंद झाली. १९७९ साली ठाण्याच्या एका कारखान्याच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की, नोकरी सोडली असे म्हणायला सोडण्याचा इरादा दिसावा लागतो; नुसती गैरहजेरी पुरत नाही. १९८२ मध्ये रेल्वेच्या एका कामगाराच्या प्रकरणात गैरहजेरीमुळे नाव कापणे ही कामगारकपातच, म्हणजे मालकाने कामावरून कमी करणेच, ठरली. मग १९९३: आठ दिवसांची अट असली तरी बाजू मांडायची संधी न देता कामावरून कमी करणे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, असे म्हणत न्यायालयाने कामगाराला निम्म्या थकीत वेतनासह परत घ्यायला लावले. आठ दिवसांची अट कागदावर राहिली, पण ‘आपोआप’ची ताकद गेली.

सरकारी नोकरीत चित्र वेगळे. महाराष्ट्राच्या १९८१ च्या रजा नियमांत वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा आहे, वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून पूर्ण पगार मिळतो, आणि साहेबांना शंका आली तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे दुसऱ्या मतासाठी पाठवता येते. संशय इथेही आहे, पण त्याला रस्ता ठरवून दिलेला आहे.

दुकाने आणि खासगी कार्यालयांत काम करणाऱ्यांना बहुधा माहीत नसते की महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आजारपणाची वेगळी रजाच नाही. ८ दिवस किरकोळ रजा आणि कमावलेली रजा, बस. कर्नाटक किंवा तमिळनाडूत ती स्वतंत्र मिळते. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत ‘दोन दिवसांच्या वर सर्टिफिकेट लागेल’ हा जो नियम ऐकवतात, तो सहसा कंपनीच्या एचआर पुस्तिकेतला असतो, या कायद्यातला नव्हे. विमा योजनेची वेतनमर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये आहे. तिच्या वर पगार गेला की पॅनेल डॉक्टर आणि भत्ता ही दोन्ही सुटतात.

डॉक्टरांच्या बाजूने भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी सर्टिफिकेटचा नमुना, नोंदवही आणि प्रत ठेवणे बंधनकारक केले. खोटे सर्टिफिकेट हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरतो. त्या नमुन्यात आजाराचे नाव लिहायची जागा आहे. ते नाव एचआरच्या टेबलावर कोणी कोणी वाचायचे, याबद्दल नमुना काही बोलत नाही. अपवाद एचआयव्हीचा. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले की काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला केवळ या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही, आणि २०१७ च्या स्वतंत्र कायद्याने या संसर्गाची माहिती जबरदस्तीने काढून घेण्यालाही आळा घातला.

जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या केंद्राच्या नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. पगारी वार्षिक रजेसाठी २४० ऐवजी १८० दिवस काम पुरेल, नियुक्तीपत्र द्यावेच लागेल. मात्र स्थायी आदेशांची सक्ती आता १०० ऐवजी ३०० कामगारांपासून सुरू होते. त्याखालच्या कारखान्यात किती दिवसांच्या गैरहजेरीनंतर काय होईल आणि कोणाचे सर्टिफिकेट चालेल, हे त्या नियुक्तीपत्रात मालक लिहील तसे.